हात ढिला सोड

"हात ढिला सोड, माय. हात तुझाच हाय, पण चुडा भरून होईस्तोवर तो माझा."

रुक्माबाईचा आवाज जाडाभरडा होता, नुकत्या दळलेल्या ज्वारीच्या पिठासारखा कोमट. हे एवढं वाक्य तिच्या तोंडून निघालं की समोर बसलेल्या बाईचा खांदा आपसूक खाली यायचा, मनगट सैल पडायचं आणि पंजा तिच्या ओंजळीत असा यायचा, जसं झोपेतलं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातं. रुक्माबाई जाऊन अठरा वर्षं झाली. पण हिंगोलीच्या बाजारातल्या अरुंद बोळीत, आठ बाय सहाच्या दुकानात गादीवर बसून मिराबाई एखाद्या बाईचा हात हातात घ्यायची, तेव्हा सासूचा तो आवाज अजून तिच्या कानामागून यायचा. मग तीही तेच म्हणायची, त्याच चालीत. नवरी फारच भ्यालेली असली तर सासूनं जुळवलेल्या दोन ओळीही गुणगुणायची:

चुडा भरिते कासारीण, हात सैल सोड बाई
माहेराच्या आठवानं मूठ मिटू नये काई

आज सकाळी मात्र ते वाक्य तिच्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. संक्रांत आठ दिवसांवर आलेली. हवेत असा गारठा की बोळीतला चहावाला गिऱ्हाईकाला आधी ग्लास शेकायला देत होता आणि मग चहा ओतत होता. पुसेगावहून दोघी आल्या होत्या, सासू आणि सून. सासू गादीच्या कडेला ऐसपैस बसली, सुनेनं हात पुढं केला. मिराबाईनं तो हात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाब दिला, आणि सून दचकली. हात मागं घेऊन हसली. "अवं काकू, फ्रिजमधून काढल्यावानी हायेत तुमचे हात! पिशवी असंल तर द्या एखादी. मीच घालते." आणि मिराबाई पिशवी शोधेस्तोवर तिनं स्वतःच्याच पर्समधली पातळ पिशवी पंजावर चढवली, वरून सर्र सर्र डझनभर बांगड्या सरकवल्या, पिशवी ओढून काढली. झालं. मिराबाईचे दोन्ही हात मांडीवर तसेच उघडे पडून राहिले. तीस वर्षांत तिच्या गादीवर बसून कोणी स्वतःच्या हातानं बांगड्या भरल्या नव्हत्या. या नव्या पोरींच्या पिशवीबद्दल ऐकून होती ती. पण ते घरी, आरशासमोर. इथं, तिच्या देखत, तिचा हात नको म्हणून?

तेवढं असतं तर तिनं ते गिळलं असतं. पण सासूनं सुनेला पैसे चुकते करायला सांगून पुढं सरकत विचारलं, "शिरड शहापूरच्या परमेश्वर कासाराची बहीण न तुमी?"

"व्हय."

"मी अनुसयाबाई. आमचा धाकला दीर मास्तर हाय, किशनराव. बायको जाऊन तीन साल झाले त्याची. तुमची भाची राधिका, दवाखान्यात नर्स हाय ती, त्याच्या मनात भरली. पोरगी आमाला बी बराबर वाटती. सोडचिठ्ठी झाली तर झाली, आमचा बी बिजवरच हाय की." ती हसली, आणि हसू ओठांवर असतानाच आवाज खाली उतरवला. "पण एक गोष्ट कानावर हाय. लग्नाचा चुडा भरताना मूठ आवळली होती म्हणं तिनं. बांगडी वाढली, रगत निघालं. चुडा तुमीच भरला होता, म्हणून मधल्या कोणाला न पुसता तुमच्याकडंच आले. मनात दुसरं कोणी असल्याबिगर पोरगी चुड्याला मूठ आवळंल व्हय?"

मिराबाईनं समोरच्या खोक्यातल्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. "लई दिस झाले," ती म्हणाली. "आता काय याद न्हाई."

"याद न्हाई म्हंजी काय समजू मी? आवळली समजू, का न्हाई समजू?" अनुसयाबाई वाईट बाई नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिनं बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, सुनेकडून त्यावर फोन नंबर लिहून घेतला आणि मिराबाईच्या पुढ्यात ठेवला. "पौष सरला की बैठक करायची म्हणून राहिलाव. त्याच्या आधी याद आली तर सांगा."

त्या गेल्यावर मिराबाईनं हात पदराखाली घेतले. सवयच ती. बोटांच्या शेंड्यांवर बारमाही मेंदी, पायात नवऱ्याचे, तातेरावांचे, जुने लोकरीचे मोजे, त्यावर लुगड्याचा घोळ. कोणी विचारलं तर म्हणायचं, सांधे धरतात. कासारीण असल्यानं तिला काचेचे शंभर रंग नावानिशी ठाऊक. दुधी, मोरपिशी, चटणी, वांगी, राणी, तोता, अबोली. तिच्या बोटांचे रंगही तिनं तसेच ओळखून ठेवले होते. गारठा लागला की आधी दुधी: बोटं अशी पांढरीफटक, जशी रक्ताची गाठभेटच नाही कधी. मग वांगी: नखांपासून सुरू होऊन दुसऱ्या पेरापर्यंत जांभळंनिळं चढत जायचं. आणि ऊब मिळाली की राणी रंग, आणि त्याबरोबर हजार मुंग्यांचा चावा, डोळ्यांत पाणी आणणारा. रंग उतरला की बोट परत आपलं. मधल्या वेळात ते कोणाचं असतं, हे तिला कधी कळलं नाही. सुरवातीला, बावीस वर्षांपूर्वी, नदीच्या पाण्यात गोधड्या धुताना बोटं अशी झाली तेव्हा ती घाबरून सासूकडं धावली होती. रुक्माबाईनं ती उलटीसुलटी करून पाहिली, चुलीच्या कडेला शेकवली आणि त्याच संध्याकाळी मेंदी भिजवली. "गिऱ्हाईकानं बांगडी पहावं, कासारणीचे हात न्हाई," ती म्हणाली होती. "आन् हे कोणापाशी बोलू नको. ज्या हाताला कळत न्हाई, त्याच्या हातात हात कोण देईल?" माया होती त्यात. पण त्या मायेनंच तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

तातेरावांना मात्र ठाऊक होतं. सायकलला बांगड्यांची पेटी बांधून ते आठवड्याचे बाजार करायचे, कळमनुरी, सेनगाव, औंढा. घरी आले की जेवायचे आणि निजायचे, बोलणं असं फारसं नव्हतंच. पण थंडीच्या दिवसांत गोधडीखाली आपले दोन तापलेले पाय सरकवत आणून तिचे पाय त्यांत धरायचे. जसं दोन विटांमध्ये निखारा जपावा. एका शब्दानं कधी विचारलं नाही, काहून गार, कधीपासून गार. तिनंही सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले, मुलगा नोकरीला पुण्यात. तेव्हापासून हिवाळा आला की ती गरम पाण्याच्या बाटलीला मोजा चढवून पायाशी घेते. बाटली पहाटेपर्यंत गार होते. मग दोन गार वस्तू एका गोधडीत पडून राहतात.

आज दुपार उलटली तरी बोटं वांगीतून बाहेर येईनात. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या शेंड्यावर महिन्याभरापासून एक काळा ठिपका होता, मिरीएवढा. दुखायचा, आणि दुखायचा थांबला की त्याची जास्त भीती वाटायची. तो ठिपका ती पाहत होती, पण डोळ्यांपुढं दुसरंच होतं. तेरा वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. शिरड शहापुरात भावाच्या, परमेश्वराच्या, दारात मांडव, उन्हाचा पत्ता नाही, मांडवाच्या पाल्यावरून दव टपकतंय. राधिका वीस वर्षांची, नाकीडोळी बापासारखी, बोलण्यात आत्यासारखी. तिच्या जन्मापासून ठरलेलं होतं की हिचा चुडा आत्याच भरणार. पूर्वेकडं तोंड करून पोरगी पाटावर बसली. भोवती सुवासिनींचा घोळका, हिरव्या बांगड्यांना हळदीकुंकू लावलेलं. मिराबाई पहाटे थंड पाण्यानं न्हाऊन आलेली. परातीतल्या बांगड्या उचलतानाच तिला कळलं होतं की बोटं आपली नाहीत. उचललेल्या बांगडीचं वजन नाही, गारवा नाही, धार नाही. उठून चुलीपाशी जावं, घटकाभर शेकावं, असं मनात आलं. पण सगळ्या बघत होत्या, मुहूर्ताची घाई चाललेली, आणि कासारीण हात शेकायला उठली तर बायका विचारणारच, काहून गं?

तिनं राधिकाचा हात हातात घेतला. "हात ढिला सोड, माय," म्हणाली. आणि पोरीनं सोडला. हे मिराबाईला डोळ्यांनी दिसलं होतं, बोटांना कळत नव्हतं तरी. लोण्याच्या गोळ्यासारखा तो हात तिच्या हातात पडलेला, वर पोरगी हसतेय, गालाला हळद, आणि आत्यावर असा विश्वास की हाताकडं बघतही नाही, मांडवाच्या तोंडाशी आलेल्या मैत्रिणीशी बोलतेय. दोन बांगड्या गेल्या. तिसरीला हाडाच्या उंचवट्यावर दाब द्यायचा असतो, मापून, बोटांनी ऐकत ऐकत. मिराबाईच्या बोटांना ऐकू येत नव्हतं. तिनं दाब दिला, पोचला नाही असं वाटलं, अजून दिला. कट् असा आवाज झाला. अंगठ्याच्या मुळाशी काच घुसली आणि हळदीच्या हातावर लाल ओघळ आला.

कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. लहान लेकरांनासुद्धा तेच शिकवलेलं. त्या क्षणी सगळ्यांच्या नजरा कासारणीच्या हातांकडं वळायला लागल्या, वळत होत्या, अर्ध्या वाटेवर आल्या होत्या. आणि मिराबाईच्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, रागावल्यासारखं: "मूठ काहून आवळलीस गं!"

नजरा फिरल्या. राधिकाकडं गेल्या आणि तिथंच राहिल्या.

राधिकानं आत्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं, जसा तो तिला न विचारता काही करून बसला होता. जखमेवर हळद दाबली, चुडा पुरा झाला. मग रीतीप्रमाणे नवरी कासारणीच्या पाया पडायला वाकली. मिराबाईचे पाय लुगड्याखाली घेतलेले, तरी तिची बोटं शोधत आत गेली. "आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "पाय किती गार गं तुझे." रक्त अजून थांबलं नव्हतं तिचं. मिराबाईनं पाय आखडून घेतले.

कळमनुरीला सासरी ती पोचायच्या आधी ती गोष्ट पोचली होती. पोरीनं चुड्याला मूठ आवळली. काहून आवळली? मनात कोणी असंल. नवरा वर्षभर तोंडानं काही बोलला नाही. मग एकदा भाजीत मीठ जास्त झालं तेव्हा बोलला. मग दर वेळी. ती दारात उभी राहिली तर कोणाची वाट पाहती, फोनवर हसली तर कोणाशी हसती. तू तर चुड्यालाच मूठ आवळली होतीस. तिसऱ्या वर्षी परमेश्वर जाऊन लेकीला घेऊन आला. त्या उन्हाळ्यात अंगणात हरभरा निवडताना राधिकानं विचारलं होतं, मान वर न करता: "आत्या, मी खरंच आवळली होती का गं? मला तर याद न्हाई. लई आठवून बघते, पण हात ढिलाच आठवतो."

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात दोघीच होत्या, चैत्राचं ऊन होतं, बोटं त्या दिवसांत चारचौघींसारखी दिसत होती. मिराबाई म्हणाली, "भ्यालेली होतीस, लेकरा. होतं असं." राधिकानं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मग आवळलीच असंल," ती म्हणाली. स्वतःच्या आठवणीपेक्षा तिला आत्याचा शब्द खरा वाटला. त्यानंतर ती नर्सिंग शिकली, हिंगोलीत नोकरीला लागली, दोन गल्ल्या सोडून दवाखाना. स्कूटीवरून बोळीच्या तोंडाशी जाताना हात करते. सणाला येते, तिळगूळ देते, बसत नाही. मनगटावर फक्त घड्याळ. दवाखान्यात बांगड्या चालत न्हाईत, म्हणते. आणि आधी आत्याला 'तू' म्हणायची, ती आता 'तुमी' म्हणते. कधी बदललं ते, हे मिराबाईला नेमकं सांगता येणार नाही. नळाचं पाणी कमी होत जातं तसं ते झालं.

मिराबाईला वाटलं, आपण तेरा वर्षं धंदा वाचवला. कोणाला कळलं नाही. हजारो हात या गादीवर आले आणि गेले, आणि जगात तिला हात लावणारी माणसं तेवढीच होती, बांगडीच्या बहाण्यानं आलेली. तो बहाणाही आज एका पातळ पिशवीनं नेला. मग सांभाळायचं काय उरलं होतं? आणि तरी अनुसयाबाई पुढ्यात बसली असताना तोंडातून तेच निघालं, याद न्हाई. खोटं इतकं मुरलेलं की हाक न मारता धावून येतं.

तिनं पुठ्ठ्याचा तुकडा उचलला, मुठीत घेतला आणि दिवसाढवळ्या, संक्रांतीच्या गर्दीत, दुकानाचं शटर ओढलं. शेजारचा भांडीवाला म्हणाला, "काय मिरावहिनी, धंद्याच्या टायमाला?" "बोट दुखून राहिलं," ती म्हणाली. खरं तर दुखत नव्हतं.

दोन गल्ल्यांचं अंतर तिला फार लागलं. पायांखालचा रस्ता मोज्यातून, चपलेतून, त्या बधिर तळव्यांतून लांबून कुठून तरी येत होता, दुसरंच कोणी चालत असल्यासारखा. दवाखान्यात बाकावर सात-आठ जण. राधिका टेबलामागं, पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिनं मान वर केली आणि क्षणभर नर्सचा चेहरा गळून भाचीचा आला. "आत्या? काय झालं?"

"बोट दाखवायचं होतं."

"या. बसा हितं." तिनं स्टूल ओढलं. आधी सगळ्यांचं करते तसं ऑक्सिजन मोजायचा चिमटा मिराबाईच्या डाव्या हाताच्या बोटाला लावला. छोट्या पडद्यावर दोन रेषा आल्या, पुसल्या, परत आल्या. आकडा दिसेना. राधिकानं चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. मग तिसऱ्या. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "मशीन बिघडलं का बाई?" राधिकानं ते स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. लगेच. तिनं पुन्हा आत्याचा हात घेतला आणि या वेळी यंत्राकडं नाही, हाताकडं पाहिलं. मेंदी लावलेल्या शेंड्यांवरून अंगठा फिरवला. मेंदीच्या आतून, नखांच्या मुळाशी तो वांगी रंग दिसत होता. झाकलेला, पण होता. "मोजे काढा," ती म्हणाली. मिराबाईनं काढले. पायाची बोटं उघड्यावर आली, जांभळी, टोकाला काळपट, आणि राधिका स्टुलापुढं खाली बसली, फरशीवर, आणि दोन्ही पाय हातात घेऊन बघत राहिली. बाकावरची माणसं तोंड फिरवून भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहायला लागली.

"रक्त पोचून न्हाई राहिलं," राधिका म्हणाली. "गारठ्यानं नसा आवळतात. याला औषध हाय आत्या, बोट वाचंल. पण हे काय एका हिवाळ्याचं न्हाई." ती उठली, उजवा हात पाहायला तिनं पुढं हात केला. मिराबाईच्या उजव्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, आणि मूठ त्यावर घट्ट मिटलेली. राधिकानं पुढं केलेल्या पंजावर, अंगठ्याच्या मुळाशी, पांढरा पडलेला एक वण होता. तेरा वर्षांत मिराबाईनं तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. राधिकानं तिची मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरली. तिचे तळवे गरम होते, बापासारखे.

"कधीपासून हाय हे?" तिनं विचारलं. रोज पन्नास जणांना विचारते तसंच विचारलं. मग ती जरा वाकली आणि रुक्माबाईच्या नाही, आत्याच्याही नाही, स्वतःच्याच आवाजात म्हणाली, "हात ढिला सोडा, आत्या."

पुठ्ठा खाली पडला. राधिकाच्या ओंजळीत बोटांना ऊब लागत होती, रंग बदलत होता, हजार मुंग्या एकदम जाग्या झाल्या होत्या. मिराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नेमकं कशाचं, हे या वेळी तिला कळत होतं.

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, जसं मांडवात म्हणाली होती. "नऊ वर्षं आधीपासून. त्या दिवशी बी बोटं अशीच होती, लाकडावानी. मला काय समजतच नव्हतं. मी भ्याले, राधे, आन् तुझं नाव घेतलं. खाली नंबर पडलाय तो पुसेगावच्या बाईचा हाय, तिला बी हेच सांगते, चल, तुझ्यासमोरच सांगते. बांगडी मी फोडली. मूठ न्हवती आवळली तू. तुझा हात ढिलाच होता."